जेवायला किती वेळ लागतो?

...न्हाई म्हंजी न्हाईच ठेवला! कुणी म्हंजी कुणीच इश्वास ठेवला न्हाई! सासूबाईनं न्हाई, नणंदेनं न्हाई, शेजारची मनकर्णा तर तोंडाला पदर लावून अशी हसली, अशी हसली, की मी तिच्या घरचं ताक आणायचं बंद केलं ते आजतागायत बंद हाय! मी आपली ऊर बडवून सांगायलेय, अगं बायांनो, दिवसभर पोटात अन्नाचा कण न्हाई, अखेरीला कुठं चार घास मिळाले, तेबी उभ्यानं, आन् तेबी आगगाडीत... तर समद्यांचं एकच, 'सकाळी जेवायला गेली, दिवे लागल्यावर आली, आन् म्हणती उपाशी हाय! मग दिवसभर तिथं केलंस काय गं, भातातली शितं मोजलीस का?' सांगा आता! खरं बोलायची काही सोय हाय का?

आज ही जुनी गोष्ट निघाली कामून, तर ही आमची सून, कावेरी. शिकलेली हाय, मनगटावर घड्याळ हाय, चांगली पोरगी हाय, तोंडावर सांगते. सकाळी वेणी घालता घालता म्हणती, 'आत्याबाई, विमलाकडं जेवायला जाते, तासाभरात येते.' मी म्हणलं, तासाभरात? मैत्रिणीकडं जायलीस का दवाखान्यात? तर ती हसली आन् काय म्हणाली ठावं हाय का? म्हणाली, 'अवो, जेवायला किती वेळ लागतो?'

झालं! तेच! तेच वाक्य! तुमाला सांगते, हे वाक्य कानावर पडलं की माझ्या डोक्यात शिट्टी फुकत आगगाडी सुटती! तवा आता बसा. बूड टेकून बसा. कुणाच्या चुलीवर दूध असंल तर आत्ताच उठा, मधून उठलेलं मला चालत न्हाई.

तर, निजामाची राजवट होती तवाची गोष्ट. तवा मी अशी जाडजूड नव्हते बरं का, काडीवानी होते. परभणीला मोंढ्यात आमच्या घरची गुळाची अडत, आन् पिंगळीला माझी मैत्रीण मल्लम्मा. आमी दोघी मूळच्या गंगाखेडच्या, एका गल्लीतल्या, दोघींची घरं लिंगायताची, आन् व्यंकटराव मास्तराच्या शाळेत दोघी चौथीपर्यंत संगं. मास्तर मोठे कडक, पर दुपारच्या सुट्टीत पोरांना मोकळं सोडायचे आन् आपण स्वतः भिंतीला टेकून घोरायचे. ते उठंपर्यंत सुट्टी! कधी घटकाभर, कधी उन्हं कलंपर्यंत. आमी गंगेच्या, म्हंजी आमच्या गोदावरीच्या, पायरीवर बसायचो. माझ्या आईची भाकर, तिच्या आईची शेंगाची चटणी, आन् दोघींत मिळून पळसाचं एकच पान. एकच! तिच्याकडचं पान असलं तरी मी माझं काढायची न्हाई. चटणी संपायची, भाकर संपायची, तरी आमी पानावर बोटं फिरवीत बसलेल्या. बोलणं संपतंय कुठं! काय बोलायचो? आता इचारलं तर एक शब्द सांगता यायचा न्हाई. मासे, मास्तरांचं धोतर, कुणाची म्हैस याली... आन् बघा, तवा आमाला कुणी इचारलं न्हाई, की पोरींनो, जेवायला किती वेळ लागतो.

मग दोघींची लगनं झाली. ती पिंगळीला, मी परभणीला. आता पिंगळी किती लांब? एक टेसन! पान तोंडात टाकावं आन् थुंकायला खिडकीतनं डोकं काढावं, तर पिंगळी! आन् तरी जाणं होईना. लगनाकार्यात भेटायचो, तर ती तिच्या सासूच्या मागं, मी माझ्या सासूच्या मागं. नुसतं डोळ्यानं बोलायचं. जाता जाता ती म्हणायची, 'गौरे, ये की एकदा जेवायला.' मी म्हणायची, 'येते की.' असं म्हणता म्हणता वर्सं गेली. तुमी हसू नका. तुमच्याबी अशा दोन-चार जणी असतील, ज्यांना 'येते की' म्हणून ठेवलंय.

आन् मग एका दिवशी पिंगळीचा गाडीवान मोंढ्यात आला, त्यानं सांगितलं, की चंद्रप्पाचं घर उठायलंय. चंद्रप्पा म्हंजी मल्लम्माचा सासरा. लेकानं, म्हंजी मल्लम्माच्या नवऱ्यानं, सोलापूरला तेलाचं दुकान काढलं होतं, तर सगळं बिऱ्हाड बुधवारी सोलापूरला. सोलापूर म्हंजी तवा इंग्रजाचा मुलूख! आता काय, सकाळी निघालं की संध्याकाळी पोचलं. तवा मधी करोडगिरीचा, म्हंजी जकातीचा, नाका, नाक्यावर जवान बाईमाणसाचं बोचकंसुद्धा सोडून बघायचे. एकदा तिकडं गेलेली बाई इकडं कधी येणार? कुणाच्या मयताला. ते ऐकलं आन् माझ्या हातातला गुळाचा खडा खाली पडला. बुधवारी जायलीय, म्हंजी आता जेवण झालं तर झालं. न्हाई तर जल्मात न्हाई.

आमच्या मालकाला म्हणलं, 'आवं, मला सोमवारी पिंगळीला जायचंय.'

'कामून?'

'मल्लम्माकडं जेवायला.'

'घरात जेवण न्हाई?'

बघा! हे असं! आता यांना मैत्रीण काय समजावून सांगावी? मी म्हणलं, 'आवं, ती मुलूख सोडून जायलीय. एक डाव तिच्याबरोबर एका पानावर बसते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला पाथरीला गेल्यात, पोरगी त्यांच्याबरोबर हाय, घरात दुसरं कुणी न्हाई. आत्ता न्हाई तर कवा?' यांनी इचार केला. इचार करताना हे मिशीचं टोक चावायचे. मग म्हणाले, 'ठीक हाय. सकाळच्या गाडीनं जा, दुपारच्या गाडीनं ये. जेवायला किती वेळ लागतो?'

आता यात त्यांची चूक न्हाई म्हणा... न्हाई, चूक हाय, पर ती पुढं. यांचं जेवण कसं होतं ते सांगते. मी ताट वाढावं, तांब्या आणायला माघारी जावं, आन् तांब्या घेऊन येईस्तोवर यांचं जेवण झालेलं, आमच्या रीतीपरमाणं ताट धुऊन ते पाणी पिऊन झालेलं, आन् हे दारात चपला घालायलेत! पोळी केली काय आन् दगड केला काय, यांना फरक कळायच्या आत तो पोटात! असल्या माणसाला जेवायला वेळ लागतो हे ठावं असणार कसं?

सोमवार उजाडला. मी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले. हे मला टेसनवर घेऊन आले, बायांच्या डब्यात बसवलं, आन् खिडकीतून परत, 'दुपारच्या गाडीनं ये बरं का. जेवायला किती वेळ लागतो?' डब्यातल्या समद्या बाया माझ्याकडं बघायल्या! मी म्हणलं, 'व्हय व्हय, जावा आता.' आन् खरंच सांगते, गाडी सुटायच्या आधीच हे वळून गेले. मला वाटलं, माणूस घाईचा हाय, अडतीवर गेला असंल. ध्यानात ठेवा बरं, वळून गेले.

पिंगळीच्या टेसनवर मल्लम्मा उभी! बरोबर तिचा सासरा. ती पळत आली, मी पळत गेले, आन् दोघींनी एकमेकीला बघून पहिलं काय म्हणलं? 'किती वाळलीस गं!' दोघींनीबी! एकाच टायमाला! आन् मग जे हसू सुटलं... म्हातारा चंद्रप्पा मात्र आमच्याकडं बघेचना. गाडीच्या एकेका डब्यात डोकावायलाय. गाडी गेली. तरी तो रुळाकडंच बघायलाय. मग सावकाश, त्याचं बोलणं लय सावकाश, एकेका शब्दाला विहिरीतून घागर वर यावी, असं, म्हणाला, 'स्वामी... आले न्हाईत.'

म्हणलं, कोण स्वामी?

तर मल्लम्मा म्हणाली, 'अगं, आमचे वीरुपाक्ष स्वामी. दर सोमवारी याच गाडीनं येतेत. ते जंगम हायत, आपल्या लिंगायताचे गुरू. मामंजीचा नेम हाय, सोमवारी स्वामी जेवल्याबिगर घरात कुणी घास तोंडात घालायचा न्हाई. आन् गौरे, या घरातला हा शेवटचा सोमवार.'

आता मी लिंगायताची सून, मला काय ठावं न्हाई? जंगम आधी, मग आपण. मी म्हणलं, 'येतील पुढच्या गाडीनं. मला कुठं घाई हाय?' हो! असंच म्हणलं मी! तोंडाला फोड न्हाई आला!

घरी गेलो. घर कसलं, नुसत्या बांधलेल्या गोण्या. कपाट रिकामं, खुंट्या रिकाम्या, देवळीतला दिवासुद्धा गवतात गुंडाळून ठेवलेला. चुलीपुरतं घर काय ते उघडं होतं. आन् त्या चुलीवर काय होतं, सांगू? पुरणाच्या पोळ्या. येळवणी, म्हंजी कटाची आमटी, तीसुद्धा अशी, की वास आला आन् माझ्या पोटात कुणी तरी उठून बसलं. हुग्गी, म्हंजी गव्हाची खीर. भरलेली वांगी. तूप तर... मी म्हणलं, 'मल्ले, एवढं कशाला गं?' ती म्हणाली, 'इतक्या वर्साचं एकदम केलंय.' मी चुलीकडं तोंड फिरवलं. तोंड फिरवलं ते भुकेनं का कशानं, ते इचारू नका.

म्हातारा ओसरीवर बसला. टेसनकडच्या रस्त्याला डोळे लावून. लांबून कुणी आलं की उठायचा. 'आले.' जवळ आल्यावर, 'न्हाई, तेली हाय.' पुन्हा, 'आले.' 'न्हाई, बाई हाय.' एकदा तर, 'आले, आले!' म्हणत खाली उतरला, उपरणं झटकलं, हात जोडले, तर गाढव! मागं कुंभार! मला हसू आवरंना, मल्लम्मानं मला चिमटा काढला, आन् मग तिलाच आवरंना. दोघी पदर तोंडात कोंबून चुलीपुढं हसायलो, आन् हसून हसून पोट आणखी रिकामं व्हायलंय!

तवर आमी बोललो बरं का. लय बोललो. मी म्हणलं, 'मल्ले, तिकडं म्हणं समदे कानडी बोलतेत.' ती म्हणाली, 'बोलू दे की. मामंजी भांडताना कानडीतच बोलतेत. भांडणापुरतं मला येतंय.' मी म्हणलं, 'बस झालं मग, बायकांना जास्ती लागत न्हाई.' मग तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, 'भांडायचं जमंल गं. हसायचं कुणाबरोबर?'

...पाणी द्या गं कुणी तरी. हां.

तर ऊन डोक्यावर आलं. म्हातारा ओसरीवर, पोळ्या चुलीपाशी, आमी मधी. मल्लम्मा हळूच म्हणाली, 'गौरे, गोठ्यात चल.' तिनं पदराखाली तूप लावलेली पोळी लपवली होती. गोठ्यात म्हशीच्या मागं गेलो. तिनं पोळीचे दोन तुकडे केले. मी हात पुढं केला. आन् तुमाला सांगते, माझ्या मनात आलं, अगं, म्हाताऱ्याचा शेवटचा सोमवार! पर पोट म्हणलं, तू नुसती बघून घे. मी हात आणखी पुढं केला, आन् ओसरीवरून, 'मल्लम्माऽऽऽ!' तिनं घाबरून दोन्ही तुकडे गव्हाणीत टाकले. म्हशीनं एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा पोळीकडं, आन् पुरणपोळी अशी खाल्ली, जशी काही दर सोमवारी खाती! माझ्या डोळ्यादेखत! हातभर अंतरावर! म्हाताऱ्यानं बोलावलं होतं कशाला? तर म्हणाला, 'काही... न्हाई. स्वामी दिसले का... इचारायचं होतं.' गोठ्यात? स्वामी गोठ्यात दिसणार होते?

आन् मग दुपारच्या गाडीची शिट्टी झाली.

आता बघा. माझा शब्द गेलेला. दुपारच्या गाडीनं परत जायचं. न्हाई गेले तर आमच्या मालकाचं तोंड काय होईल, ठावं. पुन्हा मला उंबऱ्याबाहेर सोडतील? नाव नको. मल्लम्मा म्हणाली, 'जा गौरे. तुझ्या घरी तरास नको.' जा म्हणाली, पर माझा पदर काही सोडंना. पदर धरून म्हणती जा! मी तिच्या मुठीकडं बघितलं आन् म्हणलं, 'जाऊ दे गाडी. गाडी काय, रोज हाय. तू बुधवारी न्हाईस.' गाडी गेली. तिचा धूर परसातल्या लिंबावरून गेला, तेवढा बघितला.

मग दुपार टळली, येळवणीवर साय धरली, हुग्गी थिजून थापटीसारखी झाली, चूल तीनदा विझली तीनदा पेटवली, स्वामी न्हाईत! म्हातारा आता उठंना, नुसता बसून. मला त्याचा राग यावा तर त्याचं तोंड बघून येईना. जल्मभर ज्या ओसरीवर दर सोमवारी स्वामीला जेवू घातलं, ती ओसरी सोडून जाताना शेवटचा सोमवार सुना जायलाय. त्यानंबी सकाळपासून पाणी सोडून काही घेतलं न्हाई. मी म्हणलं, 'मामा, चिंता करू नका, येतील.' तो म्हणाला, 'पोरी... तू तरी... जेवून घे. तू पाहुणी.' आता सांगा! आता कसं जेवावं? आधी म्हणाला असता, तर म्हशीच्या आधी खाल्ली असती!

संध्याकाळची गाडी चुकवायची सोय नव्हती. मल्लम्मानं सगळं जेवण टोपल्यात बांधलं, एक पितळी ताट घेतलं, म्हणाली, 'टेसनवर चल. पिंगळीला दोन्हीकडच्या गाड्या गाठ पडतेत. परभणीहून येणारीत स्वामी असले तर देव पावला. न्हाई तर हे टोपलं तुझ्या डब्यात ठेवते, घरी जाऊन खा.' म्हणजे एकटीनं खा! एकटीनं खायला मला घरी कुणी अडवलं होतं?

टेसनवर आलो. माझी गाडी आधीच येऊन उभी. मी बायांच्या डब्यात चढले, दारात उभी राहिले. तेवढ्यात परभणीकडून दुसरी आली. आन् तिच्यातून भगवी छाटी, हातात काठी, कपाळाला भस्म... वीरुपाक्ष स्वामी उतरले! उतरले म्हंजी काय, पडता पडता राहिले! म्हातारा चंद्रप्पा धावत गेला आन् फलाटावर लोटांगण! मल्लम्मा पायावर! मी डब्यातनं हात जोडले. स्वामी म्हणाले, 'कल्याण असो. पण आधी मला बसू द्या. मी सकाळपासून उपाशी आहे.'

आमी समदे गार! चंद्रप्पा म्हणाला, 'म्हाराज... उपाशी?'

स्वामींचं बोलणं कसं शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. म्हणाले, 'अरे भक्ता, काय सांगू? सकाळी परभणीला मी नेहमीच्या गाडीत बसलो होतो. गाडी सुटायला आलेली. तेवढ्यात एक भक्त डब्यात शिरला आणि माझे पायच धरले! म्हणाला, स्वामी, खाली उतरा, आज भिक्षा आमच्या घरी! मी म्हणालो, बाबा, आज पिंगळीला चंद्रप्पाकडे नेम आहे. तर म्हणाला, तिकडं दुपारनंतर जावा की! आमची घरची जरा बाहेर जेवायला गेली आहे, आत्ता येईल, आली की सैपाक करील. मी म्हणालो, उशीर होईल. तर म्हणाला...'

तुमाला सांगते, मला तवाच घाम फुटला. दाराची कांब धरून मी डोळे मिटले.

'...तर म्हणाला, स्वामी, जेवायला किती वेळ लागतो?'

आगाई! मल्लम्मानं मान वळवली आन् माझ्याकडं बघितलं. चंद्रप्पानं बघितलं. त्यांनी ते वाक्य माझ्याच तोंडून दिवसातून धा वेळा ऐकलेलं, मालकाची नक्कल करून करून मीच ऐकवलेलं! म्हंजी बघा, खिडकीतनं मला निरोप दिला आन् वळून गेले ते कुठं गेले? तर पुढच्या डब्यात! ज्या घरी बायकोला जेवायला धाडलं, त्याच घरचा स्वामी गाडीतून उतरवून घेतला! फुकटचं पुण्य दिसलं की यांचा हात आवरत न्हाई! आन् घरी नेऊन केलं काय? चूल कोणत्या कोपऱ्यात हाय ते यांना ठावं न्हाई! स्वामी आमच्या घरी माझी वाट बघत उपाशी, मी इकडं स्वामीची वाट बघत उपाशी! मी जेवले की घरी जाणार, मी घरी गेले की स्वामी जेवणार, स्वामी जेवले की मी जेवणार! आता ही गाठ कुणी सोडवायची? परमेसरानं?

स्वामी म्हणाले, 'दुपारी म्हणाला, या गाडीनं आली नाही, पुढच्या गाडीनं येईल. मी तीनदा पूजा केली. पूजेला तोटा नाही रे, पण पूजेवर पोट भरत नाही. शेवटी मीच उठलो.'

तेवढ्यात गार्ड आला, दख्खनी बोलणारा, लांब दाढीचा. 'चलो चलो, हटो! गाडी निकल रई!' मल्लम्मा त्याच्या पुढं उभी राहिली. जी बाई सासऱ्यापुढं मान वर करायची न्हाई, ती! म्हणाली, 'साब, सुबू से भूके हैं. सब के सब.' त्यानं टोपल्याकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं, लोटांगण घालून छातीला धूळ लागलेली त्याच्या. मग म्हणाला, 'क्या अम्मा, मेरी नौकरी खाते क्या?' आन् मग मान फिरवून, जसं काही आमी दिसतच न्हाईत, म्हणाला, 'उधर से लैन किलेर नई आया अबी. आया तो मैं सीटी मारतुं.'

टोपलं सोडलं. म्हाताऱ्यानं उपरणं आडवं धरलं, परक्याची नजर पडू नये म्हणून. स्वामींनी बसायचीबी वाट बघितली न्हाई. पोळीचा एक घास मोडला, तोंडात घातला, आन् पुढचे दोन तुकडे आमच्या दोघींच्या हातावर ठेवले. म्हणाले, 'खा गं पोरींनो. भूक म्हणजे काय, आज मला नीट कळलं आहे.'

मी डब्याच्या दारात, ती खाली फलाटावर, आन् मधी उंबऱ्यावर ते पितळी ताट. पोळी येळवणीत बुडवायची सवड न्हाई, हुग्गी गार, वांगं फुटलेलं. तिचा हात ताटात, माझा हात ताटात. एक घास. दोन घास. दिवसभर बोलून घेतलं होतं, आन् जे ऱ्हायलं होतं ते बोलायचं नव्हतं. आन् सांगते तुमाला, तसलं जेवण पुन्हा जेवले न्हाई. पुढं लेकीच्या लगनात पंचपक्वान्नं केली. तसलं न्हाई.

शिट्टी झाली. गाडी हलली. ताट मधीच. मी म्हणलं, 'मल्ले, ताट घे!' ती म्हणाली, 'आधी तू घास घे!' आन् गाडीबरोबर चालायली, मग पळायली, एका हातात ताटाची कड, दुसऱ्या हातात घास. दारात वाकून मी तो घास तोंडात घेतला. मग तिनं ताट ओढून घेतलं, आन् फलाट संपला.

घरी आले तर हे दारात. सकाळपासून उपाशी! स्वामी न जेवता गेले म्हणून यांनाबी जेवता आलं न्हाई. मला बघितलं आन् म्हणतेत काय, 'दिवसभर जेवत होतीस? पोट हाय का पेव?'

मी म्हणलं, 'आवं, मी चार घास खाल्लेत.'

'दिवसभरात चार घास? जेवायला...'

'बोलू नका!' म्हणलं. 'पुढचं बोललात तर आजची चूल तुमी पेटवा.' तवा हे मिशीचं टोक चावायला लागले. पर इश्वास? न्हाई. सासूबाई पाथरीहून आल्या, त्यांना यांनी सांगितलं, 'हिच्यापायी स्वामी उपाशी गेले.' माझ्यापायी! मोंढ्यात झालं, आळीत झालं, गौराबाई पिंगळीला जेवायला बसली ती दिवसभर उठलीच न्हाई! आज इतक्या वर्सांनी आळीत कुणाच्या घरी पंगत बसली तर म्हणतेत, गौराबाईला कडंला बसवा, तिला वेळ लागतो!

पुढं पोलिस ॲक्शन झाली. निजामाची मोगलाई गेली, करोडगिरीचा नाका उठला. आता सोलापूरला जायला कुणी अडवत न्हाई, कुणी बोचकं सोडत न्हाई. पर ज्या सालात नाका उठला, त्या सालात मल्लम्मा गेली. तापानं, म्हणतेत. म्हंजी आमचं जेवण झालं ते तेवढंच.

तवा कावेरी, ऐक. मैत्रिणीकडं जेवायला जायलीस तर घड्याळ हितं काढून ठेव. संध्याकाळी आलीस तरी मी इचारणार न्हाई, उद्या आलीस तरी न्हाई. सैपाकाचं मी बघते. हे बाहेर ओसरीवर बसल्यात, ते म्हणतील काय म्हणायचं ते.

आता तुमी इचारताल, दोष कुणाचा? गार्डाचा? त्यानं तर गाडी थांबवली. स्वामींचा? त्यांनी आधी आमाला दिलं. चंद्रप्पाचा? त्या म्हाताऱ्याला तर माझा अजून नमस्कार हाय. नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ न्हाई, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतेत. मी जल्मभर घेतलं न्हाई, म्हणून तर स्वारी ऐंशीच्या घरात टुणटुणीत हाय, आन् आत्तासुद्धा बाहेरून हाक मारायलीय की ताट वाढ. आज मात्र घेते, काय व्हायचं ते होऊ द्या...

ईश्वरअप्पा!